सीआयडी : कुछ तो गडबड है, पण ती नेमकी कुठे?

कसारा_लोकल (धागाकर्ता):

सीआयडीवर हसायला सगळेच येतात. या धाग्यातही हसायचं आहेच, पण जरा शिस्तीत. नुसतं "दया, दरवाजा तोड दो" लिहून पळायचं नाही.

ज्यांचा जन्म नंतरचा आहे त्यांच्यासाठी: सोनीवर 21 जानेवारी 1998 ला पहिला भाग लागला आणि 27 ऑक्टोबर 2018 ला मालिका थांबली. मधल्या काळात 1547 भाग झाले. डिसेंबर 2024 मध्ये परत सुरू झाली. एवढ्या भागांत चुका होणारच. प्रश्न असा की कुठल्या चुका धावपळीतून होतात आणि कुठल्या मुद्दाम तशाच ठेवल्या जातात?

माझ्याकडून सुरुवात.

एक, पाहुणे कलाकार. मागच्या महिन्यात ज्याचं प्रेत समुद्रावर सापडलं होतं तोच माणूस आज उद्योगपती म्हणून चौकशीला बसलेला असतो, आणि एसीपी प्रद्युम्न त्याला पहिल्यांदाच बघितल्यासारखे बघतात.

दोन, बंगले. तोच जिना, तोच पोर्च, दर वेळी मालक वेगळा आणि खून नवा. त्या बंगल्याची नोंदणी करताना दलालाने काय सांगितलं असेल?

तीन, उजेड. प्रेत सापडतं तेव्हा टळटळीत दुपार, एसीपी बोटं फिरवतात तेव्हा सावल्या लांब झालेल्या, आणि गाडीत बसताना परत दुपार.

चार, ठसे. हातमोजे घालून वस्तू उचलायची, आणि पुढच्याच शॉटमध्ये ती उघड्या हाताने साहेबांना द्यायची.

आता तुम्ही भर घाला.

रविवारची_झोप:

हसून हसून पुरे वाट. बंगल्याबद्दल +1. आमच्या घरी "हा कुठल्या खुनातला?" अशी पैज लागायची.

अर्धा_चहा:

प्रेतांचं विसरलात. नीट बघा, पापणी हलते. काही जणांचं तर पोटही वरखाली होतं आणि फॉरेन्सिकचे डॉ. साळुंखे शेजारी बसून "मरून आठ तास झालेत" म्हणतात.

सेटवरचा_बाब्या:

मी मराठी मालिकांवर सहायक दिग्दर्शक म्हणून काम केलंय, सीआयडीवर नाही. पण क्राइम मालिकेत हे का होतं ते थोडं सांगू शकतो.

सीन कथेच्या क्रमाने कधीच शूट होत नाहीत. जागा आणि कलाकारांच्या डेट्स बघून क्रम लागतो. बंगल्याचे सगळे सीन एका फटक्यात: खुनाच्या आधीचे, नंतरचे आणि शेवटी खुनी पकडतात तोही. पाहुणा कलाकार दोनच दिवस मिळाला असेल तर त्याची कबुली आधी शूट होते, आणि ज्या पुराव्यावरून ती कबुली आली त्या पुराव्याचा सीन चार दिवसांनी. कबुली देताना त्याच्या शर्टाची बाही दुमडलेली होती की नव्हती, हे कुणीतरी टिपून ठेवावं लागतं. तो कुणीतरी म्हणजे आम्ही. आता मोबाइलवर फोटो काढतात. पूर्वी पोलरॉइड असायचा, पण तो महाग, म्हणून ज्येष्ठ मंडळी वहीत चित्र काढून ठेवायची: डाव्या हातात घड्याळ, कप अर्धा, पदर उजवीकडे.

उजेडाचं म्हणाल तर आधी मास्टर घेतात, म्हणजे सगळे फ्रेममध्ये. मग एकेकाचे क्लोज. आठ माणसं प्रेताभोवती उभी असतील तर शेवटच्या माणसाचा क्लोज येईपर्यंत सूर्य पार पलीकडे गेलेला असतो. सीआयडीत तर प्रत्येक धक्क्याला तीन-चार चेहऱ्यांवर झूम हवाच. असे रिअ‍ॅक्शनचे क्लोज सोयीने मागाहून घेऊन टाकतात. सावल्या जुळतील कशा?

आणि एक गोष्ट प्रेक्षकांना पटत नाही. संकलकाला चूक दिसते. पण दोन टेकपैकी एकात कप जुळतोय आणि दुसऱ्यात अभिनय जुळतोय, तर तो दुसराच टेक ठेवतो. आणि बरोबर करतो. अभिनय फसला तर चॅनेल बदलणारे पुष्कळ असतात, कपामुळे कुणी बदलत नाही.

प्रेताबद्दल: झोपलेला ज्युनिअर आर्टिस्ट. त्याला "रोल" म्हटल्यावर श्वास धरायला सांगतात. संवाद लांबला की बिचारा काय करणार?

पाहुणे कलाकार परत दिसतात कारण असं काम दोन दिवसांत नीट करणारी, वेळेवर येणारी, संवाद पाठ असणारी माणसं मोजकीच असतात. मढ-आक्साकडच्या बंगल्यांचंही तसंच. मालकांना शूटिंगची सवय असते, जनरेटर लावायला जागा असते, शेजारी तक्रार करत नाहीत.

तळकोकणी:

बाब्या, जबरी प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

पाहुण्यांचंच निघालंय म्हणून: आदित्य श्रीवास्तव आधी, 1998 मध्ये, गुन्हेगार म्हणून येऊन गेले होते. दुसऱ्या वर्षी तेच इन्स्पेक्टर अभिजीत झाले. म्हणजे धागाकर्त्याच्या पहिल्या मुद्द्याचा बाप तर खुद्द ब्युरोतच बसलाय.

मीठभाकर:

थोडं अवांतर, पण मुळाकडे जाणारं. सीआयडीचे कर्ते बी. पी. सिंग हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायाचित्रण शिकलेले. मुंबई दूरदर्शनवर ते कॅमेरामन होते. मराठीतली 'एक शून्य शून्य' आठवते का? तीही त्यांचीच. पोलिसांच्या फाइलींवर बेतलेल्या केस, आणि त्यातही शिवाजी साटम, म्हणजे आपले एसीपी प्रद्युम्न. साटम तेव्हा बँकेत नोकरी करून नाटक करायचे. म्हणजे या जोडीने पोलिसी तपास आधी मराठीत गिरवला आणि मग हिंदीत नेला. पुढे 2018 च्या डिसेंबरात सिंग त्याच फिल्म इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष झाले.

मला वाटतं, सीआयडीचे सुरुवातीचे भाग आजही बघवतात त्याचं कारण हेच असावं. अर्ध्या तासाचे भाग, एक केस पुढच्या आठवड्यांत जायची, आणि त्या केसला तपासाचा वास होता. नंतर एका तासात खून, चार संशयित, दोन पाठलाग, एक दरवाजा आणि कबुली बसवायची म्हटल्यावर तपास पातळ झाला.

जाता जाता, पहिल्या टीममध्ये आशुतोष गोवारीकर इन्स्पेक्टर वीरेंद्र होते आणि अश्विनी काळसेकर आशा. गोवारीकर पुढे दिग्दर्शक म्हणून ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेले. मग ब्युरोत वीरेंद्रचं नाव कुणी काढेना. बदली झाली, रजेवर गेला, काही तरी सांगा की. सीआयडीत माणसं बहुधा अशीच जातात, निरोप समारंभ नसतो.

एडिसनकर:

मीठभाकर, वीरेंद्र कुठे गेला याची मलाही लहानपणी काळजी होती.

111 मिनिटांच्या भागाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? 7 नोव्हेंबर 2004 ला दाखवला होता, 'द इनहेरिटन्स'. अख्खा भाग एकाच शॉटमध्ये, मध्ये एकही कट नाही. लिम्का आणि गिनीज दोन्हीकडे नोंद झाली. इथे सगळे सावल्या आणि कप मोजताय, तर हा भाग बघा. कटच नसल्यामुळे दोन शॉट जुळवायचा प्रश्नच येत नाही.

सेटवरचा_बाब्या:

प्रश्न येत नाही असं नाही, तो दुसरीकडे जातो. एका शॉटमध्ये कॅमेरा एका खोलीतून दुसरीत जाईपर्यंत मागे काय-काय चाललेलं असतं विचारा. लाइटवाले दादा आडोशाला, स्पॉटदादा खुर्ची उचलून पळतायत, ज्याला नंतर मरायचंय त्याला रक्त लावतायत. 90 व्या मिनिटाला कुणी संवाद विसरला तर पहिल्या मिनिटापासून सगळं परत. साधारणपणे टीव्हीच्या नटाला सवय असते चार ओळी बोलायच्या आणि "कट" ऐकायची. तिथे पावणेदोन तासांपेक्षा जास्त वेळ सगळ्यांनी नाटकासारखं उभं राहायचं. साटमांसारखे रंगभूमीवरून आलेले लोक टीममध्ये असल्याचा तिथे नक्की उपयोग झाला असणार.

माझ्या मते संपूर्ण मालिकेतलं हे सगळ्यात धाडसी काम, आणि लोक दरवाजाचे मीम फिरवत बसलेत.

रविवारची_झोप:

दरवाजाचा अपमान सहन केला जाणार नाही.

सेटवरचा_बाब्या:

बरं, दरवाजा. पडद्यावर तोडायचा दरवाजा खरा ठेवत नाहीत. हलकं प्लाय, बिजागरीचे स्क्रू सैल, कडीच्या बाजूला आतून आधीच कापून ठेवलेलं. आर्ट दादा एक जादा ठेवतात, कारण पहिल्या लाथेला तो कधी कधी उघडतो, तुटत नाही. दयानंद शेट्टी मुळात गोळाफेक-थाळीफेकीतले खेळाडू, त्यामुळे समोर प्लाय असलं तरी लाथ खरी वाटते. हीच लाथ माझ्यासारख्याने मारली तर प्रेक्षक बिजागरी बघतील.

वकिलीणबाई:

कप आणि कडी राहू द्या. सीआयडीतली सगळ्यात मोठी गडबड प्रत्येक भागाच्या शेवटी असते. एक थप्पड, मग "हाँ, मैंने ही मारा उसे", मग फ्लॅशबॅक, मग एसीपी म्हणतात की आता तुला फाशीच होणार.

पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही. जुना पुरावा कायदा, कलम 25. नवीन साक्ष अधिनियमात तेच कलम 23 मध्ये आहे. कबुली चालते ती दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेली. हां, आरोपीने सांगितलं म्हणून विहिरीतून सुरा निघाला, तर तेवढा भाग चालतो, पूर्वीचं कलम 27. म्हणजे सीआयडीने सगळा पुरावा गोळा करून शेवटी जी गोष्ट मिळवली, नेमकी तीच कोर्टात शून्य. वर थप्पड मारलेली, तीही चार साक्षीदारांदेखत.

आणि फाशी? ती देणं-न देणं कोर्टाचं काम. सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये बच्चन सिंग खटल्यात सांगितलंय की फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच. सीआयडीत प्रत्येक शनिवारी एक दुर्मिळातलं दुर्मिळ.

आता धाग्याच्या विषयाला धरून. काही "चुका" चुका नाहीत, कायदाच नंतर बदललाय. उदाहरणार्थ, सूर्यास्तानंतर महिलेला अटक. फौजदारी प्रक्रिया संहितेत स्पष्ट मनाई आली ती 2005 च्या दुरुस्तीने: अपवादात्मक परिस्थितीत, महिला पोलीस अधिकाऱ्याने, दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊन. म्हणजे 1999 च्या भागात रात्री बाईला गाडीत घातलं तर लगेच संहिता काढू नका. 2012 च्या भागात घातलं तर जरूर काढा.

आणि 1 जुलै 2024 पासून खुनाचं कलम 302 राहिलं नाही, न्याय संहितेचं 103 झालं. मालिका डिसेंबर 2024 ला परत आली. त्यामुळे नव्या भागांत 1 जुलै 2024 नंतरच्या खुनाला कुणी तीनशे दोन लावायला निघालं तर ती मात्र शंभर टक्के चूक धरा.

कसारा_लोकल:

वकिलीणबाई, दंडवत. हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी झालाय.

पण मग माझे चुकांचे दोन ढीग उलटे झाले ना? कप, सावल्या या चुका आपण लगेच पकडतो. आणि पोलिसांपुढची कबुली वीस वर्षं दर आठवड्याला बघून ती आपल्याला बरोबर वाटायला लागली. माझ्या ओळखीचे शिकलेसवरलेले लोक अजून म्हणतात, "कबूल केलंय ना त्याने पोलिसांना, मग खटला कशाला?"

पंचनामा:

पोलीस खात्यातून निवृत्त. खूप दिवस नुसता वाचतो, आज लिहितो.

पहिली गोष्ट. महाराष्ट्राची खरी सीआयडी, म्हणजे राज्य गुन्हे अन्वेषण विभाग, हिचं मुख्यालय पुण्यात आहे. आणि एसीपी हे पद फक्त पोलीस आयुक्तालयात असतं. ग्रामीण भागात किंवा राज्य सीआयडीत त्या दर्जाचा अधिकारी उपअधीक्षक असतो. मग मालिका चुकली का? पूर्ण नाही. मुंबईच्या गुन्हे शाखेच्या कागदांवर डीसीबी, सीआयडी असं लिहायची जुनी पद्धत आहे. प्रद्युम्न साहेब तिथले समजा, म्हणजे एसीपी चालतात.

न चालणारी गोष्ट वेगळीच. त्या ब्युरोत हवालदार जवळजवळ दिसत नाही. सगळे इन्स्पेक्टर नाहीतर सब-इन्स्पेक्टर. मग पंचांना शोधून कोण आणतं, मुद्देमालाला लाखेचं सील कोण लावतं, प्रेताबरोबर शवागारापर्यंत कोण जातं, रात्री स्टेशन डायरीत नोंद कोण करतं? तपासातला निम्मा वेळ लिहिण्यात जातो. पंचनामा नीट झाला नाही तर साहेबांनी कितीही बोटं फिरवली तरी केस सुटते, म्हणजे आरोपी सुटतो. एवढ्या भागांत दोन पंच अंगठा उठवतायत असं दृश्य कुणाला आठवत असेल तर सांगा, मला आठवत नाही.

दुसरी गोष्ट, डॉ. साळुंखे. नरेंद्र गुप्तांचं काम मला आवडतं, आणि एसीपींशी त्यांची जुगलबंदी तर फारच. पण साळुंखे एकटे तीन-चार खाती चालवतात. शवविच्छेदन रुग्णालयातले डॉक्टर करतात. व्हिसेरा, रक्त, विष हे काम न्यायसहायक प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञांकडे, मुंबईची कलिन्याला आहे. बोटांचे ठसे तिसऱ्यांकडे, आणि गंमत म्हणजे राज्याचं अंगुलिमुद्रा केंद्र खऱ्या सीआयडीच्याच अखत्यारीत येतं. पेपरात "व्हिसेरा राखून ठेवला आहे" असं वाचता ना? त्याचा अर्थ आता थांबा. मालिकेत मात्र निळ्या पाण्यात लाल थेंब टाकला की तिकडून उत्तर येतं, "बॉस, इसे जहर दिया गया है।"

वकिलीणबाईंनी काळाचा मुद्दा काढलाय, त्यात माझी भर. मालिका सुरू झाली तेव्हा मुंबईत कॉरोनर कोर्ट चालू होतं. संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनरपुढे व्हायची, 1871 च्या कायद्याने. 1999 मध्ये ते बंद झालं. सीआयडीचं पहिलं वर्ष त्या काळातलं आहे. हातात अख्खं कॉरोनर कोर्ट होतं, जुनी इमारत, ज्युरी, सगळं नाट्य तयार. कुणाला सुचलं नाही याची मला खंत वाटते.

अर्धा_चहा:

पंचनामा काका, तुम्ही लिहीत राहा हो. "केस सुटते, म्हणजे आरोपी सुटतो" हे छापून ठेवण्यासारखं आहे.

तळकोकणी:

एक गंभीर विनंती. पडद्यामागच्या गोष्टी लिहिताना व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं जसंच्या तसं टाकू नका. अमक्याला एका भागाचे इतके लाख, तमक्याने तमक्याला सेटवरून हाकललं वगैरे. असलं काही टाकायचंच असेल तर कुठे वाचलं ते सांगा.

एडिसनकर:

+1, आणि त्यावर एक खरा किस्सा. अमेरिकेत 'कोलंबो' नावाची डिटेक्टिव्ह मालिका फार गाजली. चुरगळलेला रेनकोट घालणारा लेफ्टनंट, पीटर फॉकने केलेला. तो रेनकोट फॉकचा स्वतःचा होता. जाता जाता दारातून परत वळून "आणखी एकच गोष्ट" म्हणायची त्याची सवय प्रसिद्ध आहे. ती आली कशी? लिंक आणि लेव्हिन्सन या लेखकांनी एक सीन लिहिला, तो तोकडा पडला, तोवर कोलंबो बाहेर गेलेला होता. पान परत टाइप करायचा कंटाळा, म्हणून त्याला दारातून परत आत आणला.

त्याचं पहिलं नाव मालिकेत कधी कुणी उच्चारत नाही. फ्रेड वर्थ नावाच्या गृहस्थाने सामान्यज्ञानाचा कोश लिहिला, त्यात मुद्दाम खोटं घातलं: कोलंबोचं नाव फिलिप. कुणी कोश चोरला तर सापडावा म्हणून. नंतर 'ट्रिव्हियल पर्सूट' या खेळात नेमका हा प्रश्न आला, उत्तर फिलिप! वर्थने 1984 मध्ये 30 कोटी डॉलरचा दावा लावला. खेळवाल्यांनी कोश वापरल्याचं नाकारलंही नाही. तरी वर्थ हरला, कारण माहितीवर कुणाची मालकी नसते. इकडे चाहत्यांनी जुने भाग थांबवून-थांबवून पाहिले. 1971 च्या एका भागात त्याचं ओळखपत्र क्षणभर दिसतं. त्यावर लिहिलंय फ्रँक.

मीठभाकर:

वा! खोटा खिळा ठोकून ठेवायचा आणि चोराचं धोतर अडकायची वाट बघायची.

आपल्याकडच्यांपैकी फ्रेडरिक्सची आठवण काढल्याशिवाय हा धागा पुढे जाऊ नये. ते काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर 2023 मध्ये गेले. त्यांनी सीआयडीचे काही भाग लिहिलेही होते, हे फार जणांना ठाऊक नसतं. मालिका परत आली ती त्यांच्यानंतर वर्षभराने. भित्रा पण निष्ठावान फ्रेडी नसेल तर ब्युरोत भुताच्या भागांना घाबरायचं कुणी?

रविवारची_झोप:

फ्रेडीसाठी 🙏

आणि ते एप्रिल 2025 चं प्रकरण? एसीपी प्रद्युम्न बॉम्बस्फोटात गेले, एसीपी आयुष्मान आले, लोक अक्षरशः हळहळले, आणि थोड्या दिवसांत साटम परत हजर. याला कंटिन्युइटीची चूक म्हणायचं की पुनर्जन्म?

सेटवरचा_बाब्या:

याला टीआरपी म्हणतात. आणि डेट्स.

पंचनामा:

स्फोटात मयत झालेला अधिकारी परत रुजू झाला तर आमच्याकडे पेन्शन विभाग त्याला वर्षभर फिरवेल. हयातीचा दाखला आणा म्हणतील, आणि तो देणारा गॅझेटेड अधिकारी म्हणेल की आधी मृत्यूचा दाखला रद्द करून आणा.

अर्धा_चहा:

काका!! 😂

मला वरचा तळकोकणींचा प्रतिसाद वाचल्यापासून एक शंका छळतेय. 1998 मध्ये आदित्य श्रीवास्तव गुन्हेगार म्हणून पकडले गेले, म्हणजे त्यांच्या दहा बोटांचे ठसे घेतले असणार ना? ते रेकॉर्डला असणार. मग अभिजीत ब्युरोत आल्यावर साळुंखेंनी एकदाही जुळवून पाहिले नाहीत?

पंचनामा:

शंका रास्त आहे. पण ठसे जुळवायचे तर आधी अंगुलिमुद्रा केंद्राला पत्र लिहावं लागतं, त्याची स्थळप्रत काढावी लागते, आवक-जावकला नोंद करावी लागते. त्या ब्युरोत हवालदार नाही हे वर सांगितलंच आहे.